कपाटातला कॉम्प्युटर

वलवण, लोणावळा,
शुक्रवार

प्रिय हुमेरा,

ही चिठ्ठी तुला शालनताईंच्या हातून मिळेल. तू त्यांना विसरली नसशील, आपल्या मागच्या गल्लीतल्या, तुझ्या लग्नात भाकऱ्या थापायला सगळ्यांच्या आधी हजर झालेल्या. त्यांची धाकटी बहीण सुरतला दिली आहे, तिच्या बाळंतपणासाठी त्या चालल्या आहेत. तू तमन्नाला सोडायला येतेस तिथं, तिच्या शाळेच्या फाटकाशी, सोमवारी सकाळी त्या उभ्या राहतील. मी विचारायला गेलो तेव्हा मला नीट दिसावं म्हणून तोंड पुढं आणून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, ‘भाऊ, तुमी अजिबात काळजी करू नगा. मी तिच्याच हातात दीन, दुसऱ्या कुनाच्या न्हाई.’ तेव्हा चिठ्ठी तिथंच कुठंतरी बसून वाच आणि फाडून टाक. घरी नेऊ नकोस. लांबली आहे, मला ठाऊक आहे. घाई असेल तर शेवटचा परिच्छेद आधी वाच, बाकीचं मी कधीतरी समोर बसून सांगेन. पण थोडा वेळ असेल तर पहिल्यापासून वाच. गेले दोन महिने तुला एकच वाटत असणार, की आपण जीव तोडून सांगितलं आणि अब्बाला काही कळलंच नाही. मला कळलं होतं, बेटा. पहिल्याच रविवारी कळलं होतं.

त्या रविवारी तुमच्या हॉलमध्ये नेहमीसारखे सगळे बसले होते. हमदान सोफ्यावर, तुझी सासू त्याच्या शेजारी, आणि तू खाली गालिच्यावर, तमन्नाला मांडीत घेऊन. तुझ्या अम्मीने पावसाचं विचारून झालं, तमन्नाचा खोकला विचारून झाला. मग तू कॅमेरा नीट करायचं निमित्त करून पुढं सरकलीस. त्या दोघांना आता फक्त तुझी पाठ दिसत होती. आणि तू आपलं हॅमर शॉपचं बोलणं सुरू केलंस, जबडा मोठा करून, घशातून हवासुद्धा न काढता. ‘अब्बा, मला इथून न्या. हा मारतो. मोबाइल काढून घेतलाय. घर बदललंय, नवा पत्ता बघा.’ शेजारी तुझी अम्मी ओरडत होती की आवाज येत नाही, हुमेरा, आवाज येत नाही. तिकडून हमदानही तेच म्हणाला, माइक गेला असेल तुमचा. तू पत्ता सांगायला ओठ उघडलेस आणि तुझा चेहरा तसाच थिजला. मग पडदा निळा झाला. त्यावर ते रडकं तोंड, खाली इंग्रजीत कसल्याशा फाइलचं नाव, आणि कॉम्प्युटर आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तोवर कॉल तुटला होता. आम्ही परत लावला तेव्हा हमदान एकटाच समोर होता. हुमेरा स्वयंपाकघरात आहे, म्हणाला.

हे बोलणं मी तुला शिकवलं तेव्हा तुझी अम्मी किती चिडायची. तळेगावच्या फोर्जिंग कंपनीत जन्म गेला माझा. घण पडायला लागला की शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी उपयोग नसायचा, म्हणून तिथं सगळेच ओठांनी बोलायचे. सुपरवायझरची पाठ वळली की त्याला शिव्यासुद्धा ओठांनीच. पुढं माझे कान पुरते गेले तेव्हा मला फारसं अडलं नाही, कारण ओठ वाचायची सवय आधीपासूनची होती. अडलं ते तुझ्या अम्मीचं. ती बोलणार भरभर आणि बोलताना तोंड पातेल्यात. तू मात्र शाळेतून आलीस की दप्तर टाकून माझ्यासमोर बसायचीस आणि दिवसभराचं सगळं बिनआवाजाचं सांगायचीस. जेवताना सालनात मीठ कमी पडलंय हे आपण दोघं तिच्या नाकासमोर एकमेकांना सांगायचो आणि ती म्हणायची, मुकी मांजरं कुठली, माझ्याच ताटात जेवतात आणि मलाच हसतात. आपली ती गंमत होती. तुला ती असल्या कामासाठी वापरावी लागेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मी अम्मीला लगेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पदराने माझं कपाळ पुसलं, ताप आलेल्या माणसाचं पुसतात तसं. ‘अहो, पोरगी हसत होती की. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आता काहीबाही दिसायला पण लागलं का?’ तिच्यावर रागावू नकोस. तिने तुझा आवाज ऐकला होता आणि आवाजात काही नव्हतं. तिच्या लेखी आवाज गेला तो माइक बिघडला म्हणून, आणि चित्र गेलं ते कॉम्प्युटर बिघडला म्हणून. आईला आपल्या लेकीबद्दल असलं काही मानायचं नसतं, तिला काहीतरी बिघडलेलं सापडलं की ती तेच धरून बसते. एका ओळखीच्या वकिलाकडेही गेलो. त्याने सरळ सांगितलं, चाचा, मुलीचा पत्ता पाहिजे आणि मुलीचा स्वतःचा शब्द पाहिजे, तुम्ही ओठ वाचले यावर कुणी उठणार नाही. पत्ता अम्मीने हमदानला दोनदा विचारला. पाठवतो म्हणाला, आणि पाठवला नाही. म्हणजे सगळं येऊन त्या रविवारच्या कॉलवर अडलं. तू पुन्हा सांगणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त तू सांगत असताना हा डबा चालू राहायला हवा होता.

आता तू म्हणशील अम्मीच्या मोबाइलवर का नाही बघितलं. बघितलं. साखरेने माझे डोळे आता असे झालेत की मोबाइलवर तुझं तोंड म्हणजे चिंचोक्याएवढं काहीतरी हलताना दिसतं. त्यात आपल्या घरात रेंज खिडकीपाशी उभं राहिलं तर मिळते आणि धुकं उतरलं की तीही जाते. आणि नेट वायरने जोडावं, तर उन्हाळ्यातल्या वळवात वीज पडून राउटरची वायर लावायची भोकं जळाली होती. म्हणून तर बाजारातल्या सत्यमने आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये वायफायचं कार्ड बसवून दिलं होतं, मागे दोन शिंगं असलेलं. मे महिन्यात ते झकास चाललं. तूच म्हणाली होतीस, अब्बा, आता चित्र किती साफ येतं.

मग मी त्या कॉम्प्युटरच्या मागे लागलो. निवृत्त माणसाला एवढं काम मिळालं तर तो खूश होतो, पण मला खुशी कसली, मला रोज तुझे उघडे राहिलेले ओठ दिसायचे. कॉम्प्युटरला विचारलं, काय होतंय बाबा तुला, तर तो स्वतःच स्वतःला तपासून म्हणाला की कसलाही दोष सापडला नाही. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड कसं चालवायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्रॅम, तो नवा घालायला गेलो तर म्हणाला, सगळ्यात चांगला आधीच घातलेला आहे. चिडून मी तो ड्रायव्हरच उडवून टाकला. आणि मग कपाळाला हात लावला. कारण नवा ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेट यायला ड्रायव्हर लागतो. विहिरीत पडल्यावर दोर आणायला घरी जाण्यातला प्रकार. शेवटी मोबाइल खिडकीच्या गजाला बांधला, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि थेंबाथेंबाने ती फाइल उतरवली. त्यात अख्खी दुपार गेली.

नेट कंपनीच्या मदत केंद्राची गंमत सांगतो, गंमत म्हणायची तर. तिथं फोनच करावा लागतो. बहिऱ्याने फोनवर तक्रार कशी करायची हे त्यांनी ठरवलेलं नाही. म्हणून अम्मी ऐकायची आणि मला सांगायची, पण तिच्या मनाने गाळून. तिकडची बाई बहुतेक पाच वाक्यं बोलली की ही मला सांगायची, ‘बंद करून चालू करा म्हणते.’ मी ओरडायचो की सतरा वेळा केलं, ते तिला सांग. ही फोनवर अदबीने म्हणायची, हो मॅडम, करतो. सत्यमकडे तर मी तो डबा रिक्षात घालून तीनदा नेला. पोरगा कामाला चांगला आहे, पण तोंडात गुटखा, त्यामुळे त्याचे ओठ वाचता येत नाहीत. तो पाटीवर लिहून दाखवायचा. त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर दिवसभर चालायचा, एकदाही बंद पडायचा नाही. त्याने ड्रायव्हर जुना घालून दिला. घरी आलो, दोन दिवसांत कॉम्प्युटरने अपडेटच्या नावाखाली नवा ड्रायव्हर पुन्हा आपल्या मनाने घालून घेतला. ते अपडेट अडवलं. मग वीज वाचवायला कार्ड झोपवायची एक खूण असते, ती काढली. आणि रविवारी, अम्मी तमन्नाला गाणं म्हणायला सांगत होती तेवढ्यात, पुन्हा निळा पडदा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललं होतं, पण तेव्हा मला ते कळत नव्हतं.

पहिल्या रविवारनंतर तुझी सासू दर वेळी तुझ्या शेजारी येऊन बसायला लागली. तिला काही कळलं होतं की ते तिचं नेहमीचंच, मला सांगता येत नाही. तू एकदाच, पाणी पिताना, पेल्याच्या आडून बोललीस. ‘लवकर.’ बाकी काही नाही. मी मान हलवली. तुला दिसलं का? दिसलं असेल असं धरून मी पुढचे आठवडे काढले.

मधे मी सुरतला येऊन गेलो, हे तुला माहीत नाही. अम्मीला सांगितलं की वराळ्याला जुन्या दोस्ताकडे चाललोय. तुमच्या आधीच्या घराचा पत्ता होता तिथं गेलो. खालच्या वॉचमनला तुझा फोटो दाखवला, तो बराच वेळ बोलला. पण ओठही गुजरातीत हलतात, बेटा. मी कागद पुढे केला तर त्याने त्यावरही गुजरातीत लिहिलं. ते एका दुकानदाराकडून वाचून घेतलं, तर एवढंच होतं की ईदनंतर सामान टेम्पोत भरून गेले, कुठं ते माहीत नाही. मी त्या बिल्डिंगच्या समोर संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक बुरख्याकडे, प्रत्येक ओढणीकडे बघत होतो, ते बघून एक माणूस माझ्यावर खेकसला. काय म्हणाला ते कळलं नाही, पण त्याचं काही चुकलं नाही. एवढ्या मोठ्या गावात कुठल्यातरी खिडकीमागे तू असणार आणि मला हाकही ऐकू येणार नाही, हाच विचार करत मी स्टेशनकडे वळलो. परत आलो तेव्हा अम्मीने विचारलं, दोस्त बरा आहे का. मी हो म्हणालो.

आता कॉम्प्युटरचं दुखणं कसं सापडलं ते ऐक. आपल्या वलवणचा पावसाळा तुला सांगायला नको. धरणाकडून धुकं येतं ते सरळ घरात शिरतं, चपलांना बुरशी, चादरी ओल्या, मीठ पाणी. म्हणून सगळ्यांसारखा आपणही लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात बल्ब लावून ठेवतो, कपड्यांना ऊब राहावी म्हणून. आणि तुझ्या अम्मीला कॉम्प्युटर म्हणजे घरातलं सगळ्यात महागाचं माणूस. पाऊस लागला की ती दरवर्षी सीपीयूचा डबा कपाटात, गोधड्यांच्या शेजारी, त्या बल्बच्या बाजूला नेऊन ठेवते आणि दाराच्या फटीतून वायरी बाहेर काढते. पडदा आणि कीबोर्ड तेवढा बाहेर टेबलावर. इतकी वर्षं तसंच चालत आलंय, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आणि सत्यमकडे न्यायचा किंवा मला काही करायचं म्हटलं की ती स्वतः डबा काढून पुसून टेबलावर मांडायची. मी तासन्‌तास टेबलावर तपासत बसायचो, एकदा बिघडेल तर शपथ. काम झालं की पुन्हा कपाटात. रविवारी तुझ्याशी बोलायच्या वेळी तर ती दार घट्ट लावून घ्यायची, ओल आत जाऊ नये म्हणून.

गेल्या आठवड्यात जुम्म्याच्या नमाजाला निघताना मला कोरडा बनियन सापडेना, म्हणून कपाटात खालपर्यंत हात घातला. हात डब्याला लागला आणि चटका बसला. भाकरी टाकावी असा तापला होता. मी तिथंच फरशीवर बसलो. बल्बची धग, गोधड्यांनी मागची हवा बंद, आणि चारी बाजूंनी लोखंड. वायफायच्या लहरी त्या पत्र्यातून आत शिरणार कशा? ते कार्ड आत बसून सगळा जोर लावून राउटर शोधत राहायचं, तापत जायचं, आणि शेवटी गतप्राण व्हायचं. पूर्वी वायरने नेट होतं म्हणून कपाटात असूनही काही झालं नाही. ड्रायव्हर बिचारा दरवेळी फासावर गेला, आणि चोर आमच्याच कपाटात. मी बल्ब काढला, डबा बाहेर आणला, खिडकीपासून लांब पण राउटरच्या समोर ठेवला. दिवसभर चालू ठेवला, रात्रभर ठेवला. एकदाही पडदा निळा झाला नाही. डबा काढतानाच अम्मी आधी भांडली, की ओल लागून मरेल. मग मी तिचा हात धरून कपाटातल्या त्या गरम पत्र्याला लावला. नंतर चहा करताना पाठमोरी उभी होती, खांदे हलत होते, म्हणून मला कळलं. मी तिला म्हणालो की तू जपायलाच गेली होतीस. हे तुलाही सांगतो आणि एक कबूल करून घेतो, ही कपाटाची गोष्ट तू तिच्यासमोर कधी काढायची नाहीस.

आणि मग परवाचा रविवार आला. मी नवा कुर्ता घातला होता. कागद, पेन समोर. मनात म्हणत होतो, आज तू अर्धा तास बोल, काही तुटत नाही. कॉल लागला, चित्र आरशासारखं स्वच्छ. आणि तू आलीस ती तोंडावर ओढणी धरून. नाकाच्या खाली काही दिसत नव्हतं. दोन महिने मी ज्या ओठांसाठी मरमर केली, ते झाकलेले. तुझी सासू म्हणाली, दाढ दुखतेय तिची, सुजलीय. अम्मीने विचारलं, कुठली गं? आणि तू म्हणालीस, अम्मीने मला नंतर सांगितलं, ‘उजवीकडची, खालची शेवटची.’ मला ऐकू आलं नाही. मला फक्त तुझे डोळे दिसत होते आणि तुझ्या डाव्या डोळ्याखालचा पिवळा पडत चाललेला डाग, जो कॉम्प्युटरवर दिसणार नाही असं बहुतेक त्या दोघांना वाटलं असेल. बेटा, त्या दिवशी सगळं दिसत होतं.

मी कागदावर पेन टेकवून तसाच बसलो. माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात तू तमन्नाला पुढं घेतलंस आणि म्हणालीस असणार, नानांना तुझं शाळेचं नवं कार्ड दाखव. तिच्या गळ्यातलं ते कार्ड तू तुझ्या हाताने धरून कॅमेऱ्याजवळ आणलंस आणि धरूनच ठेवलंस. तमन्ना वळवळत होती, हमदान मागून काहीतरी म्हणाला, तरी तू हात हलवला नाहीस. शाळेचं नाव, रस्ता, विभाग, शाळा भरायची वेळ, सगळं इंग्रजीत, आणि ठसठशीत. मी वरपासून खालपर्यंत उतरवून घेतलं, दोनदा ताडून बघितलं आणि मग मान हलवली. तेव्हाच तू कार्ड खाली केलंस. तेवढा वेळ जर वायफायच्या कार्डाने दगा दिला असता तर मी तो डबा धरणात नेऊन टाकला असता आणि बहुतेक मागोमाग मीही गेलो असतो. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्यापासून लपवण्यात आता काय अर्थ आहे.

कॉल संपला तशी अम्मी उठली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली. मला वाटलं चक्कर आली. ती माझ्याकडे वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा, मला नीट दिसावं म्हणून, हळूहळू बोलली. ‘उजवी खालची दाढ तिला नाहीच. लग्नाच्या आधी तळेगावला काढली. मी तिचा हात धरून बसले होते.’ मी ‘बघ, मी म्हणत होतो’ म्हणालो नाही. तू ते मुद्दाम सांगितलंस का, की घाबरून जे तोंडाला आलं ते बोललीस? मुद्दामच असेल. तू पहिल्यापासून हुशार. त्या दिवशी तिने स्वयंपाक केला नाही. माळ्यावरची मोठी बॅग काढली, झटकली, त्यात आमच्या दोघांचे दोन-दोन कपडे आणि तमन्नासाठी तुझं लहानपणचं स्वेटर ठेवलं. तुझ्या खोलीतल्या पलंगावर कोरड्या चादरी घातल्या. मला म्हणाली, वकिलाला सांगा, पत्ता मिळाला, आणि शब्दही मिळेल.

म्हणून ही चिठ्ठी. आम्ही दोघं बुधवारी गाडीत बसतोय. गुरुवारी सकाळी शाळा भरायच्या वेळेला मी फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे उभा असेन, अम्मी रिक्षा धरून कोपऱ्यावर. तू नेहमीसारखी तमन्नाला घेऊन निघ. तिला वर्गात सोडू नकोस. बरोबर काही आणू नकोस, कपडे नको, दागिने नको. कागदपत्रांसाठी घरात शोधाशोध करत थांबू नकोस, ते परत काढता येतात. शालनताईंना फक्त हो म्हण, त्या आम्हाला कळवतील. हो म्हणायची हिंमत झाली नाही तरी आम्ही येणारच आहोत. गुरुवारी नाही जमलं तर शुक्रवारी उभा राहीन, शनिवारी उभा राहीन, तुला घेतल्याशिवाय लोणावळ्याला परत जायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलंय. लग्न झालेली पोर माघारी आणली म्हणून लोक काय म्हणतील याची काळजी तू करू नकोस, मला तसंही काही ऐकू येत नाही. एकच लक्षात ठेव. मी गर्दीत प्रत्येक बाईचं तोंड बघत उभा असेन आणि तू जर तोंड झाकून आलीस तर कदाचित मी तुला ओळखणार नाही. लांबून हाक मारलीस तर ती माझ्यापर्यंत पोचणार नाही आणि तू समजशील, अब्बाने वळून बघितलं नाही. तेव्हा हाक मारू नकोस, थांबू नकोस, मागे बघू नकोस. सरळ रस्ता ओलांडून ये आणि माझा हात धर.

तुझाच,
अब्बा